मीटर, बोर्ड आणि अर्थिंग : एका घराचा हिशेब



मुख्याध्यापकाने वार्तापत्रात परीक्षा, निकाल, शिस्त किंवा वाचन यांवर लिहावे अशी रीत आहे. या वेळी आम्ही ती बाजूला ठेवत आहोत. कारण असे की, मुलांच्या कामासाठी शाळेत येणारे पालक बोलणे संपल्यावर हळूच विचारतात, "सर, तुमच्या घरचे वायरिंग नवे केले म्हणे. लोडही वाढवून घेतला. किती लागले?" आकडा सांगितला की काहींचा चेहरा पडतो, आणि ते "बघू पुढच्या वर्षी" म्हणून उठतात. केवळ एक आकडा ऐकून लोक असे परत जातात हे आम्हांला बरे वाटत नाही. म्हणून सारा हिशेब येथे मांडत आहोत.

एकूण खर्च आला ७८,९०० रुपये. हे काम २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाले. आता हे पैसे कशाकशाला गेले ते पाहू, कारण खरी गोष्ट त्यातच आहे.

आमचे घर आदिलाबादच्या जुन्या वस्तीतले. वडिलांनी १९७८ साली वीज घेतली. तेव्हाचे मीटरकार्ड अजून आहे. त्यावर आंध्र प्रदेश राज्य विद्युत मंडळाचे नाव आहे. पुढे मंडळाचे विभाजन झाले, २००० साली वरंगलची उत्तर विभागाची वितरण कंपनी आली, २०१४ मध्ये तेलंगणा झाल्यावर तिचे नाव बदलले आणि २०२४ मध्ये पुन्हा बदलले. आपल्या गावात मात्र त्याला पहिल्यापासून ‘करंट ऑफिस’च म्हणतात. कंपनीची नावे इतकी बदलली, तरी आमच्या भिंतीवरचा लाकडी बोर्ड, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि लाकडी पट्टीवरून गेलेली वायर आहे तिथेच होती. कागदावर मंजूर लोड १ किलोवॅट. १९७८ मध्ये घरात सहा दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता, त्यामुळे १ किलोवॅट म्हणजे चैन होती.

आज त्याच घरात दोन बिऱ्हाडे आहेत, आमचे आणि धाकट्या भावाचे. दोन फ्रिज, दोन कूलर, गिझर, इस्त्री, दोन मिक्सर, पाण्याची मोटर, सहा-सात पंखे आणि भावाच्या खोलीत दीड टनाचा ए.सी. आपला जिल्हा मोठा विचित्र. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून कूलर आणि ए.सी. हवा, डिसेंबर-जानेवारीत तोच पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, म्हणून गिझर हवा. बोर्डाला वर्षभर विश्रांती अशी नाहीच.

दहावीच्या विद्यार्थ्यांनी येथे जरा पुस्तक आठवावे. तारेतील उष्णता ही विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर घेतो, दीड टनाचा ए.सी. सुमारे सात, इस्त्री चार-साडेचार. हे सगळे एका वेळी चालू झाले की वीस अँपिअर झाले. आमच्या भिंतीतली जुनी वायर ‘तीन-बावीस’ची, म्हणजे जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटर तांबे. ती दिव्यांसाठी घातली होती. त्यात फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणा मिस्त्रीने पूर्वी कधीतरी जाड तार बांधून दिलेली. फ्यूजचे कामच मुळी वितळण्याचे; तो वितळला नाही तर भिंतीतली वायर वितळते. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना येतो.

तरीही आम्ही या कामाला हात घातला तो वायरीसाठी नव्हे. मे २०२४ मध्ये एका दुपारी आमची आई कूलरमध्ये पाणी टाकायला गेली. पाय ओले, कूलर पत्र्याचा. हात लागताच झटका बसला. सुदैवाने बादली सुटून ती मागे पलंगावर बसली. "हाताला मुंग्या आल्या रे," एवढेच म्हणाली आणि संध्याकाळी नेहमीसारखी भाकरी थापायला बसली. आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे. आपल्या भागात आणि पलीकडे विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात पेपरात येतातच. आम्हांला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आमचाच एक जुना विद्यार्थी, आय.टी.आय. करून आता इलेक्ट्रिशियन झालेला, त्याला बोलावले. त्याने कूलरची तीन पिनांची वायर पाहिली. ती ठीक होती. मग भिंतीतला सॉकेट उघडला. तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. तो म्हणाला, "सर, हे भोक शोभेचं आहे." सारे घर तपासले. तीन पिनांचे आठ सॉकेट निघाले आणि आठही तसेच. घराला अर्थिंग कधी केलेलेच नव्हते. तुमच्या घरचा सॉकेट तीन भोकांचा आहे, म्हणून अर्थिंग आहे असे समजू नका.

त्याने त्या दिवशी तात्पुरते काम करून दिले आणि पूर्ण कामाचा अंदाज लिहून दिला. तो पाहून आई म्हणाली, "काहून रे इतका खर्च? मले काही झालं का?" खर्चाची चर्चा तेथून सुरू झाली ती आठ महिने चालली. त्याचे कारण पैसा कमी आणि कागद जास्त.

लोड वाढवायचा तर मीटरवाल्याने अर्ज करावा लागतो, आणि मीटर होते वडिलांच्या नावावर. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. बिल येत होते, आम्ही भरत होतो, नाव बदलण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. अशी घरे आपल्या समाजात किती असतील ते पालकांनी मनाशी मोजावे. नाव बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची संमती लागली. शिवाय आपल्याकडची नेहमीची अडचण आली. तेलुगू रीतीने आडनावाचे अक्षर आधी लिहितात, म्हणून मीटरकार्डावर वडिलांचे नाव एक, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे आणि आमच्या आधारवर मराठी पद्धतीने तिसरेच. तिन्ही एकाच माणसाची नावे आहेत याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले.

हे झाले कागदाचे. मनाचे त्याहून नाजूक होते. मीटर आमच्या नावावर करायचे म्हटल्यावर भाऊ गप्प झाला. दोन दिवसांनी म्हणाला, "दादा, मीटर तुमच्या नावावर झालं म्हणजे घर कोणाचं म्हणायचं?" आम्हांला आधी वाईट वाटले. मग असे वाटले की विचारले ते बरेच झाले. वीजबिल किंवा मीटरवरचे नाव हा मालकीचा पुरावा नव्हे. घराची मालकी नोंदलेल्या दस्तावरून आणि वारसाहक्काने ठरते. हे त्याला समजावले आणि त्याला ते पटलेही. पण आम्हीच म्हटले की दोघांपैकी कोणाचेच नाव नको. मीटर आईच्या नावावर केले. आमची ताई यवतमाळला असते; ती संक्रांतीला आली तेव्हा तिची सही झाली. तिळगुळाच्या ताटाशेजारी शाईचा पॅड ठेवून संमतिपत्र झाल्याचे आमच्या घरात हे पहिलेच उदाहरण असावे.

पैशांची वाटणीही तेव्हाच ठरली. ए.सी. आमच्याकडे नाही, भावाकडे आहे; मग लोड कोणामुळे वाढला, हा प्रश्न कोणी बोलून दाखवला नाही तरी हवेत होताच. शेवटी असे ठरले की ए.सी.साठी बोर्डापासून वेगळी जाड लाईन टाकायची, तिच्या वायरीचे पैसे भावाने द्यायचे आणि बाकी सारे निम्मे-निम्मे. चार चौरस मिलिमीटर वायरचे ते बंडल ५,२०० रुपयांचे होते. त्याने ते त्याच दिवशी आणून टाकले.

आता हिशेब. करंट ऑफिसात अर्ज, वाढीव लोडचे विकास शुल्क, सुरक्षा ठेव आणि कर मिळून ६,५०० रुपये भरले. १ किलोवॅटचे ५ किलोवॅट झाले. हे शुल्क वाढीव किलोवॅटच्या हिशेबाने लागते आणि त्याचे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने ठरतात, म्हणून अर्जापूर्वी काउंटरवर चालू दर विचारून घ्यावा. खांबापासून मीटरपर्यंतची सर्विस वायर आणि तिचा लोखंडी पाइप २,००० रुपये. म्हणजे ज्याला लोक ‘लोड वाढवणे’ म्हणतात आणि ज्याची धास्ती घेतात, ते साडेआठ हजारांत झाले. बाकीचे सत्तर हजार मीटरच्या अलीकडचे, आपल्या घरातले.

त्यातला मोठा घास वायरीचा, २७,९०० रुपये. यातच भावाचे बंडलही आले. तांब्याचा भाव आपल्या हातात नाही. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबे टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेले होते, त्याची झळ आदिलाबादच्या दुकानातल्या बंडलापर्यंत येतेच. येथे पैसे वाचवण्यासाठी हलकी वायर घेण्याचा मोह होतो. दुकानदारही दाखवतो. घेऊ नये. वायर भिंतीत गेली की पुढची तीस-चाळीस वर्षे ती बाहेर पडत नाही. मजुरी पॉइंटमागे ३०० प्रमाणे ४८ पॉइंटांची १४,४०० रुपये. पाइप, पेट्या आणि बटणे ९,०००. भिंती फोडल्या त्या बुजवून रंग देण्याचे ८,०००. हा खर्च कोणीच आधी धरत नाही. नवा लोखंडी बोर्ड, त्यातले दहा एम.सी.बी. आणि एक आर.सी.सी.बी. मिळून ६,६००. अर्थिंगचा खड्डा ४,५००.

आर.सी.सी.बी. या वस्तूविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण दुकानात तिचे नाव काढले की "लागत नाही साहेब, उगीच ट्रिप होते" असे ऐकू येते. तिचे काम साधे आहे. फेजमधून जितकी धारा गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. थोडी जरी कमी आली, तरी ती दुसऱ्या वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून, पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जात आहे. हा फरक ३० मिलिअँपिअर होण्याच्या आत ती क्षणार्धात लाईन तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा दिली आहे. एम.सी.बी. हे काम करू शकत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, आणि १६ अँपिअरचा एम.सी.बी. माणूस मेला तरी पडत नाही, कारण माणसाला मारायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. ही जोडी आहे. अर्थिंग असेल तर कूलरच्या पत्र्यात करंट उतरताच, कोणी हात लावण्याच्या आधीच लाईन तुटते. नसेल तर हात लागल्यावर तुटते. (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम दोन हातांनी धरले तर मात्र तीही वाचवू शकत नाही.)

आमच्या घरीही ती बसवल्याबरोबर पडू लागली. दिवसातून चार-पाच वेळा. शेजारचे म्हणाले, काढून टाका. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, ती चुकत नाही, घर चुकतंय." त्याने एकेक लाईन सोडवून पाहिली. भावाच्या खोलीतल्या दिव्यांचा फेज त्याच्या लाईनचा, पण न्यूट्रल कोणीतरी आमच्या ओसरीच्या जुन्या वायरीला जोडलेला. वायर वाचवण्यासाठी पूर्वी सर्रास असे करत. जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्याने, मग हिशेब जुळणार कसा? दोन्ही न्यूट्रल वेगळे केले. त्यानंतर ती पडली नाही. तिच्यावर एक ‘टेस्ट’चे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे असते. आमच्याकडे दर एक तारखेला ते काम मुलगी करते आणि आजीला ओरडून सांगते, "आजी, लाईट जाईल आता!"

अर्थिंगलाही आपल्या मातीचा एक गुण आहे. आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि अर्थिंग उत्तम लागते. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन हात जाईल एवढ्या भेगा देते, पाइपभोवतीची माती सुटते, आणि नेमके कूलर चालू असण्याच्या महिन्यांत अर्थिंग कमजोर होते. म्हणून खड्ड्यात पाइपभोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात आणि वर पाणी घालायला तोंड ठेवतात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी त्यात घालावे. हा खर्च शून्य आहे.

आता ज्यांचा चेहरा आकडा ऐकून पडतो त्या पालकांसाठी एक बेरीज. आर.सी.सी.बी. २,४०० रुपये, अर्थिंगचा खड्डा ४,५००, आणि प्रत्येक सॉकेटपर्यंत नेलेली हिरवी वायर ३,०००. एकूण ९,९००. आमच्या ७८,९०० मधले एवढेच पैसे आईच्या कूलरसाठी होते. बाकी सारे सोयीसाठी, ताकदीसाठी आणि भिंतीच्या शोभेसाठी. ते खोटे आहे असे नव्हे. जुनी वायर आज ना उद्या बदलावीच लागते. पण सारे एकदम जमत नसेल तर हे दहा हजारांचे काम या वर्षी, आणि वायरिंग जमेल तसे खोली-खोलीने. आमच्या विद्यार्थ्यालाही हा क्रम मान्य आहे. मजुरी तेवढी वेगळी धरावी. आणि ते होईपर्यंत फ्यूजमध्ये जाड तार बांधू नये.

काही पालक म्हणतात, आमचे बिलच शून्य येते, मग लोड वाढवायचा कशाला? मार्च २०२४ पासून ‘गृहज्योती’ योजनेत पात्र घरांना महिन्याला २०० युनिटपर्यंत शून्य बिल येते, हे खरे. पण युनिट आणि किलोवॅट या दोन गोष्टी आहेत. महिन्याभरात किती घागरी भरल्या ते युनिट. एका वेळी नळ किती मोठा सोडला ते किलोवॅट. महिन्याला दीडशे युनिट जाळणाऱ्या घरातही सकाळी सातला गिझर, मोटर आणि इस्त्री एकदम लागू शकते. त्या अर्ध्या तासात वायर तापते आणि बिल शून्यच राहते.

आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत आहे. त्याने तिकडच्या घराचा पॅनेल १०० अँपिअरचा २०० केला, विजेच्या मोटारीसाठी. नगरपालिकेची परवानगी, इन्स्पेक्टरची तपासणी, काही हजार डॉलर खर्च. २०० अँपिअर गुणिले २४० व्होल्ट म्हणजे ४८ किलोवॅट, आणि आमचे नवे पाच किलोवॅट म्हणजे सुमारे बावीस अँपिअर. आम्ही फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा तो हसला, आणि मग म्हणाला की त्याच्याकडे सर्वांत जास्त वेळ इन्स्पेक्टरने अर्थिंग पाहण्यात घालवला.

विश्वस्त मंडळाला एक विनंती या निमित्ताने. दहावीचा विजेचा धडा झाला की प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन, काहीही न उघडता, तीन गोष्टी लिहून आणाव्यात : बिलावरचा मंजूर लोड, मीटर कोणाच्या नावावर आहे ते, आणि बोर्डात ‘टेस्ट’ लिहिलेले बटण आहे की नाही. यंदा आम्ही हे सुरू करीत आहोत. सॉकेट उघडणे मुलांचे काम नाही. ते परवानाधारक माणसाचे. खांबावर ठिणग्या दिसल्या किंवा तार लोंबत असली तर १९१२ वर फोन करावा.

लोड वाढवण्याचा अर्ज मी-सेवा केंद्रात किंवा करंट ऑफिसच्या ग्राहक सेवा केंद्रात विचारावा. मृत्यूचा दाखला, जुने बिल, आधार आणि वारसांच्या सह्या आधी जमवून ठेवाव्यात. आणि मिस्त्रीला दिवाळी झाल्याबरोबर गाठावे. होळीनंतर गावातले सगळे कूलर एकदम बाहेर निघतात आणि तो कोणाचाच फोन उचलत नाही, आमचासुद्धा नाही.